क्लफचा गुडघा शाबूत राहिला असता तर?

नऊनंबरी
काल रात्री मित्राशी व्हॉट्सॲपवर वाद झाला, झोप उडाली, म्हणून धागा काढतोय.

त्याचं म्हणणं असं की जो पोत्यानं गोल करतो तो कोच म्हणून हमखास आपटतो. उदाहरण तयारच होतं. ॲलन शिअरर. प्रीमियर लीगमध्ये २६० गोल. २००९ मध्ये न्यूकॅसल बुडत असताना शेवटचे आठ सामने हाती घेतले, त्यातला एक जिंकला, संघ खालच्या विभागात गेला. मग साहेब परत टीव्हीच्या सोफ्यावर.

मी म्हटलं, ब्रायन क्लफ. तो म्हणाला, कोण?

तर अशा सगळ्या मित्रांसाठी थोडक्यात. क्लफ मिडल्सबरोचा, जन्म १९३५, घरात नऊ भावंडं. पाठीवर नऊ नंबर, म्हणजे मुख्य स्ट्रायकर. मिडल्सबरो आणि संडरलंड मिळून लीगचे २७४ सामने आणि २५१ गोल. १९६२ ला नाताळच्या दुसऱ्या दिवशी बरी या संघाविरुद्ध एका पुढे पडलेल्या चेंडूमागे धावला, समोरून गोलकीपर आला, धडक झाली, उजवा गुडघा गेला. वय २७. दोन वर्षांनी परत आला, तीन सामने खेळला आणि थांबला. तिसाव्या वर्षी हार्टलपूल्स नावाच्या चौथ्या विभागातल्या कंगाल क्लबचा मॅनेजर. तिथून डर्बी. दुसऱ्या विभागातून वर काढून १९७२ ला त्यांना इंग्लंडचं विजेतेपद मिळवून दिलं. मग नॉटिंगहॅम फॉरेस्टला तसंच दुसऱ्या विभागातून उचलून १९७८ ला विजेतेपद, आणि १९७९, १९८० असे लागोपाठ दोन युरोपियन कप (युरोपातल्या विजेत्या क्लबांची स्पर्धा).

प्रश्न एवढाच, की गुडघा शाबूत राहिला असता आणि पस्तिशीपर्यंत आरामात गोल मारत बसला असता, तर हा माणूस एवढा कोच झाला असता का? मला वाटतं नाही. मित्राला वाटतं की क्लफ हा अपवाद आहे आणि अपवादावर वाद घालू नये.

तर्री_कमी
रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी येतो.

पेठकर
नऊनंबरी भावा, काळजाला हात घातलास.

आमच्या पेठेच्या संघात मी सेंटर फॉरवर्ड होतो. शाहू स्टेडियमवर गोल मारला की पोरं कशी नाचतात ते कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको, बाकीच्यांना सांगून कळणार नाही. गुडघा माझाही गेला, पण क्लफसारखा वाजतगाजत नाही. सरावाला कडक मैदानात पाय अडकला, मी फिरलो, गुडघा फिरला नाही. आता सकाळी सहाला वीस-बावीस पोरांना शिकवतो.

आणि खरं सांगतो, तुझ्या मित्राचं निम्मं बरोबर आहे. परवा एक पोरगं डीच्या आत मोकळं होतं, चेंडू समोर, आणि गडी तिथं विचार करत उभा. मी बोंबललो, मार की! त्यानं मारला तो थेट बाहेरच्या उसाच्या गाडीवर. मी म्हटलं थांब, दाखवतो. दाखवला. गोल झाला. पोरगं म्हणतं, सर, पण तुम्ही कधी ठरवलं कुठं मारायचा ते?

काय सांगू? मी ठरवलंच नव्हतं. कधीच ठरवलं नव्हतं. वर दाखवायच्या नादात गुडघ्यातनं कट्ट आवाज आला आणि दोन दिवस जिना बसून उतरलो.

आकडेमोड
धागा छान, पण २५१ चा आकडा जरा खाली ठेवून बघू. क्लफचे हे गोल जवळजवळ सगळे दुसऱ्या विभागातले आहेत. पहिल्या विभागात तो फक्त शेवटचे ते तीन सामने खेळला, संडरलंड वर चढल्यानंतर, तेही मोडक्या गुडघ्यानं, आणि त्यात गोल एक. इंग्लंडकडून १९५९ ला दोन सामने, गोल शून्य. त्यामुळे ‘महान स्ट्रायकर’ म्हणताना जपून.

नऊनंबरी
@आकडेमोड, दुसरा विभाग असला तरी दर सामन्याला जवळपास एक गोल, सात-आठ वर्षं. आपल्याकडे गल्लीतसुद्धा कुणी टिकवत नाही हो हा दर.

आकडेमोड
टिकवत नाही हे मान्य. ‘महान’ अमान्य. हेमावैम (हे माझे वैयक्तिक मत).

ट्रेंटकाठी
नॉटिंगहॅममध्ये अकरा वर्षं आहे, त्यामुळे इथे लिहिणं भाग आहे, नाहीतर ऑफिसात तोंड दाखवता येणार नाही.

बाजारचौकाजवळ क्लफचा पुतळा आहे. अंगात त्याचा तो नेहमीचा स्वेटशर्ट, दोन्ही हात डोक्यावर एकमेकांत गुंफलेले, जिंकल्यावर करायचा तसे. शनिवारी रात्री त्याच्या पायाशी चिप्सचे कागद असतात, आणि कुणीतरी गळ्यात लाल मफलर घातलेला असतो. इथून डर्बीला जाणाऱ्या ए ५२ रस्त्याला त्याचं नाव दिलंय. गंमत अशी की हा रस्ता एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन गावांना जोडतो, आणि दोन्ही गावं म्हणतात क्लफ आमचा. डर्बीच्या स्टेडियमबाहेर पुतळा आहे, मिडल्सबरोच्या बागेत आहे. एका मॅनेजरचे तीन गावांत तीन पुतळे. आपल्याकडे एवढे फक्त पुढाऱ्यांचे होतात.

मी नवीन असताना टीममधल्या एका साठीच्या सहकाऱ्याला विचारलं होतं की क्लफ नेमका शिकवायचा काय. तो म्हणाला, फारसं काहीच नाही. चेंडू पायात द्या, आपल्याच रंगाचा शर्ट घातलेल्याला द्या, पंचाशी वाद घालू नका. बाकी सराव म्हणजे ट्रेंट नदीच्या काठानं फेरफटका. हा गृहस्थ तेव्हा शाळकरी पोर होता, तेव्हा थोडं मीठ घालूनच घ्या.

निर्गुडी
मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात. फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही, पण गुडघ्यातलं कळतं.

गुडघ्याच्या आत दोन लिगामेंट एकमेकांना फुलीसारखी छेदतात, ती क्रुशिएट. पाय जमिनीला रुतलेला असताना अंग वळलं की नडगीचं हाड पुढे सरकू न देण्याचं काम पुढच्या फुलीचं. बाजूला आतून एक असते ती मीडियल. क्लफच्या या दोन्ही जागा एकदम गेल्या. आज असा खेळाडू आला तर त्याच्याच मांडीच्या मागचा किंवा वाटीखालचा स्नायुबंध काढून नवीन लिगामेंट बसवतात, दुर्बिणीतून. नऊ महिने ते वर्षभर माझ्यासारखीचं ऐकलं तर बहुतेक जण परत खेळतात. १९६२ ला हे नव्हतं. प्लास्टर घालायचे, मांडी सुकायची, मग पायऱ्या चढउतार करून ती भरायची आणि देवावर हवाला. त्यातून तो परत मैदानात उतरला हेच मला जास्त आश्चर्याचं वाटतं.

@पेठकर, दादा, तो कट्ट आवाज आणि जिना बसून उतरणं हे विनोदाचं प्रकरण नाही. एमआरआय काढलाय का? पोरांना फटका दाखवू नका, तोंडानं सांगा.

पेठकर
ताई, तोंडानं सांगता येत नाही हाच तर धागा आहे.

तर्री_कमी
आलो. पेठकर 😂

कूपरेजकाका
मंडळी, वयाचा फायदा घेऊन दोन गोष्टी सांगतो.

एक. इतक्या लांब इंग्लंडात कशाला जाता? आपले पी. के. बॅनर्जी बघा. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये कप्तान, फ्रान्सविरुद्ध एक-एक बरोबरी झाली त्यात आपला गोल यांचा. १९६२ च्या जकार्ता एशियाडचं सुवर्ण, अंतिम सामन्यात गोल. आणि मग कोच म्हणून ईस्ट बंगाल आणि मोहन बागान दोन्हीकडे. १९७५ ला ईस्ट बंगालनं मोहन बागानला आयएफए शील्डच्या फायनलमध्ये पाच शून्य धुतलं तेव्हा बाकावर पीके. दोनच वर्षांनी पेलेचा न्यूयॉर्क कॉसमॉस संघ कलकत्त्यात आला आणि मोहन बागाननं दोन-दोन बरोबरी केली, तेव्हा बागानच्या बाकावर पीके. मुंबईत रोव्हर्स कपाला हे संघ कूपरेज मैदानावर यायचे. आम्ही चर्चगेटहून चालत जायचो आणि खेळाडूंपेक्षा बाकाकडे जास्त बघायचो. पीके बोलायचे, सतत बोलायचे. त्या बोलण्याला कलकत्त्यात ‘व्होकल टॉनिक’ असं नावच पडलं होतं.

दोन. आचरेकर सर. प्रथम श्रेणीचा सामना आयुष्यात एक. शिष्य कोण, ते सांगायला नको. तेव्हा मोठा खेळाडू असणं ही कोच होण्याची अट नाही आणि अडचणही नाही. ती वेगळीच विद्या आहे.

आकडेमोड
काका, पीके विंगर होते, कडेनं खेळणारे. स्ट्रायकर नव्हेत.

कूपरेजकाका
विंगर होते आणि गोल करायचे. तुमचा नियम जाळीला माहीत नव्हता.

तर्री_कमी
जाळीला 🙏 आकडेमोड यांना कुणीतरी इनो द्या.

मडगावकार
काकांशी सहमत. आमच्या गोंयचं बघा. आर्मांदो कुलासो यांनी धेंपो क्लबला पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकून दिली. स्ट्रायकर म्हणून नाव कोणी काढतं? ना. पण फातोर्ड्याला धेंपो खेळताना बघितलाय का? चेंडू गवतावरून, पायातून पायात. बाब, कोच म्हणजे भाटकार, बागायतीचा मालक. नारळ स्वतः पाडायचे नसतात, कुठल्या माडावर कोणाला चढवायचं तेवढं कळलं पाहिजे.

नऊनंबरी
भाटकार! घेतलं टिपून.

पण मंडळी, धागा ‘खेळाडू मोठा हवा की नको’ कडे चाललाय. गोल करणारे आणि कोच म्हणूनही यशस्वी झालेले आहेतच की. युप हाइन्केस : बुंडेसलिगात २२० गोल, मग १९९८ ला रेआल माद्रिदला युरोपचं विजेतेपद (आणि लगेच नारळ), २०१३ ला बायर्नसोबत एकाच मोसमात तिन्ही करंडक. ॲलेक्स फर्ग्युसन : १९६५-६६ ला डनफर्मलिनकडून एका मोसमात ४५ गोल. पुढचं मँचेस्टर युनायटेडचं सगळ्यांना पाठ आहे. माझा प्रश्न क्लफच्या गुडघ्याचा आहे.

वाचनमात्र_होते
पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. टेलरचं नाव कुणीच कसं घेतलं नाही?

पीटर टेलर मिडल्सबरोत गोलकीपर होता, क्लफहून वयानं मोठा. क्लफ राखीव संघात सडत होता तेव्हा हा पोरगा सगळ्यात भारी आहे हे ओळखणारा पहिला माणूस तोच. पुढे हार्टलपूल्स, डर्बी, फॉरेस्ट, सगळीकडे जोडी. क्लफ बोलायचा, टेलर शोधायचा. केनी बर्न्सला विकत घ्यायच्या आधी टेलर वेष पालटून कुत्र्यांच्या शर्यतींना गेला, हा गडी किती जुगार खेळतो ते बघायला. टेलरशिवाय क्लफ लीड्सला गेला तर ४४ दिवसांत हाकललं. फॉरेस्टलाही पहिलं दीड वर्ष एकटा होता तेव्हा संघ दुसऱ्या विभागातच घुटमळत होता. टेलर १९७६ च्या उन्हाळ्यात आला आणि पुढच्याच मोसमात फॉरेस्ट वर गेले.

मग १९८३ ला टेलर डर्बीत असताना त्यानं फॉरेस्टचा जॉन रॉबर्टसन उचलला, क्लफला न सांगता. त्यावरून बोलणं बंद झालं. १९९० ला टेलर गेला तोवर दोघं बोलले नाहीत. मला विचाराल तर गुडघ्यापेक्षा ही जखम मोठी.

तर्री_कमी
४४ दिवस?? आमच्या सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा वार्षिक सभेपर्यंत टिकतो.

ट्रेंटकाठी
@वाचनमात्र_होते, असा प्रतिसाद पहिला असेल तर दुसऱ्याची वाट बघतोय.

लीड्सबद्दल एक. हा माणूस आधी काही वर्षं टीव्हीवर आणि पेपरात लीड्सला शिव्या घालत होता की तुम्ही धसमुसळे आहात, पंचांना छळता. आणि मग त्याच संघाचा मॅनेजर झाल्यावर खेळाडूंना म्हणाला की तुमची पदकं कचऱ्यात टाका, तुम्ही ती सरळ मार्गानं मिळवलेली नाहीत. नव्या सासरी पहिल्याच दिवशी सासूचे दागिने खोटे आहेत म्हणण्यातला प्रकार.

निर्गुडी
😂 पण तेही गुडघ्याचंच असेल का? जो खेळ याच्याकडून ओढून घेतला गेला तो दुसरे राडा करून खेळतायत हे बघवत नसेल. पेशंटमध्ये बघते मी हे.

वाचनमात्र_होते
ताई, असेल. ज्या सामन्यात दुखापत झाली त्यात हा जमिनीवर लोळत असताना बरीचा बॉब स्टोको पंचाला म्हणाला की उठ म्हणावं, नाटक करतोय. असं क्लफच सांगायचा. स्टोकोला त्यानं कधीच माफ केलं नाही.

कोकणकडा
तो दारू पाजून जिंकायचा ना? १९७९ च्या लीग कप फायनलच्या आदल्या रात्री खेळाडूंना झोपू दिलं नाही, शॅम्पेन पाजली, आणि दुसऱ्या दिवशी साउदॅम्प्टनला ३-२ हरवलं. आमच्या ऑफिसच्या क्रिकेट टीमनं हेच धोरण गेली सहा वर्षं राबवलंय. निकाल वेगळे आले.

मडगावकार
कोकणकडा 😄 फेणी घेऊन बघा.

निर्गुडी
हसा, पण शेवट हसण्यासारखा नव्हता. दारूनं तो पोखरला गेला. १९९३ ला फॉरेस्ट खालच्या विभागात गेले आणि त्यानं सोडलं. त्या मोसमातले फोटो बघितले मी आत्ता. चेहरा लाल, अठ्ठावन्नाव्या वर्षी सत्तरीचा दिसतो. २००३ ला यकृताचं प्रत्यारोपण झालं, २००४ ला पोटाच्या कॅन्सरनं गेला.

कोकणकडा
हे माहीत नव्हतं. विनोद मागे घेतो.

आकडेमोड
परत आलो. काल ‘महान नाही’ म्हणून गेलो होतो, पण झोपण्याआधी जुने तक्ते काढले आणि एका गोष्टीनं माझंच मत हललं. तेव्हा जरा लांब लिहितो.

१९७७-७८, फॉरेस्टचं विजेतेपदाचं वर्ष. ४२ सामने. गोल किती खाल्ले असतील? २४. गोल केले ६९. पुढे दोन युरोपियन कपच्या फायनल. म्युनिकला माल्मविरुद्ध १-०. माद्रिदला हॅम्बर्गविरुद्ध १-०, म्हणजे इंग्लंडचा फॉरवर्ड केविन कीगनच्या हॅम्बर्गविरुद्ध, आणि त्या सामन्यात फॉरेस्ट बराच वेळ स्वतःच्या गोलपाशी तंबू ठोकून होते.

आता हे कोणाचे संघ? दर सामन्याला गोल मारणाऱ्या माणसाचे. असा माणूस कोच झाला तर आपण काय अपेक्षा करू? पाच-तीन, सहा-चार. आणि हा जिंकतो एक-शून्यनं! वर आल्यावर मोठा पैसा पहिल्यांदा खर्च केला तो कोणावर? पीटर शिल्टन. गोलकीपर. दशलक्ष पौंडांचा फॉरवर्ड ट्रेव्हर फ्रान्सिस त्यानंतर दीड वर्षानं आला.

उत्तर मला १९६० च्या एका सामन्यात सापडलं. चार्लटन विरुद्ध मिडल्सबरो. निकाल ६-६. क्लफची हॅटट्रिक. विचार करा, परक्या मैदानावर तुम्ही तीन गोल मारता, तुमचा संघ सहा मारतो, आणि घरी एक गुण घेऊन येता. मिडल्सबरोत हे नेहमीचं होतं. हा पुढे मारतोय, मागे चाळण. इतकं, की आपलेच काही सहकारी मुद्दाम गोल खातात असा त्याला संशय होता आणि तो ते उघड बोलायचा. ड्रेसिंग रूममध्ये त्याला कप्तान म्हणून नको म्हणणारे होते ते उगाच नाही.

त्यामुळे @नऊनंबरी, माझं उत्तर : गुडघ्यानं त्याला लवकर मोकळं केलं, एवढंच. तिसाव्या वर्षी सुरुवात केली म्हणून हार्टलपूल्समध्ये पैसे नसताना बसचा परवाना काढून संघाची बस चालवण्याची रग अंगात होती. पण काय शिकवायचं ते तो दुखापतीच्या दोन वर्षं आधीच त्या ६-६ मध्ये शिकला होता. ते पस्तिशीत निवृत्त झाला असता तरी विसरला नसता.

कूपरेजकाका
आकडेमोड, जाळीबद्दलचं वाक्य मागे घेतो. हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवलाय.

नऊनंबरी
मी निरुत्तर. मित्राला हा प्रतिसाद पाठवला. त्यानं दोन निळ्या खुणा पाठवल्या, बाकी काही नाही.

तरी एक शंका उरतेच. तिसाव्या वर्षीची ती रग हीच मोठी गोष्ट असेल तर? पस्तिशीत, खिशात पैसे आणि इंग्लंडच्या वीस-पंचवीस टोप्या (देशाकडून खेळल्याबद्दल मिळणाऱ्या) असलेला क्लफ हार्टलपूल्सच्या बसच्या चाकामागे बसला असता का?

आकडेमोड
बसला नसता. तेवढं मान्य. तुम्ही निम्मं जिंकलात.

वाचनमात्र_होते
आकडेमोड, तुमच्या मुद्द्याला जोड. तो केनी बर्न्स, ज्याच्या मागे टेलर कुत्र्यांच्या शर्यतीला गेला, तो बर्मिंगहॅमला पुढे खेळायचा. आदल्या मोसमात वीसच्या आसपास गोल मारले होते. क्लफ-टेलरनं त्याला घेतलं आणि थेट मागे, सेंटर हाफला टाकलं. त्याच मोसमात फॉरेस्ट विजेते आणि बर्न्स पत्रकारांच्या मते वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू. गोल मारणाऱ्यालाच नेमकं ठाऊक की गोल मारणाऱ्याला कुठे दुखतं.

पेठकर
हे शेवटचे दोन-तीन प्रतिसाद मी काल रात्री दोनदा वाचले. आज सकाळी प्रयोग केला.

ते उसाच्या गाडीवर मारणारं पोरगं आहे ना, त्याला म्हटलं, आज तू स्टॉपर, मागे बचावात. तोंड एवढंसं झालं. माझी आई भेटायला येईल आता तुम्हाला, अशा नजरेनं बघितलं माझ्याकडं. दोन संघ पाडून अर्धा-अर्धा तास खेळवलं. पहिल्या वीस मिनिटांत त्याच्यावरनं तीन गोल गेले. तिसऱ्या गोलाला पुढचं पोरगं त्याला डावीकडं झुकवून उजवीकडनं निघून गेलं, आणि हा गडी जागच्या जागी बसला.

मग पाणी प्यायला आल्यावर मला म्हणतो, सर, त्यानं मारायच्या आधी गोलकीपरकडं बघितलंच नाही, माझ्या पायाकडं बघत होता. माझा पाय उचलला की मारायचा त्यानं.

मी म्हटलं, मग?

म्हणतो, मग काही नाही. उद्या मला पुढं खेळवा.

ताई, एमआरआयची तारीख घेतलीय, गुरुवारची.

निर्गुडी
रिपोर्ट इथे टाकू नका, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

तर्री_कमी
उद्याचा स्कोर मात्र इथेच टाका.